अनारसे हसतात, दोष कुणाचा?

तीन दिवस तांदळाचे, पाच दिवस पिठाचे आणि शेवटी काही मिनिटांचे तळण. कढईत अनारसा फुलतो की विरतो, हे कुणाच्या हातगुणावर नव्हे, तर पाणी, गूळ आणि आच यांच्या हिशेबावर ठरते. हा हिशेब एकदा समजला की या पदार्थाची धास्ती उरत नाही.

दिवाळीच्या फराळात चकली थोडी कडक झाली तरी खपून जाते. लाडू वळला गेला नाही तर चार चमचे तूप घालून पुन्हा वळता येतो. शंकरपाळे दडस झाले तर चहात बुडवून संपवता येतात. अनारशाला मात्र अशी सवलत नाही. तुपात सोडल्यावर एक तर तो जाळी धरून फुलतो, नाही तर बघता बघता विरघळून कढईभर पसरतो. मराठी घरांत याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. अनारसा हसतो आणि करणारी रडकुंडीला येते.

म्हणूनच एरवी सगळा फराळ घरी करणाऱ्या गृहिणीही अनारशांचे नाव काढले की मागे सरतात. 'ते आपल्याला नाही जमायचे' असे म्हणून तयार पीठ किंवा तयार अनारसेच विकत आणले जातात. खरे पाहता या पदार्थाला लागणारे जिन्नस अगदी मोजके आहेत: तांदूळ, गूळ, तूप आणि खसखस. मग एवढी भीती कशाची?

खापर फुटते सुनेच्या माथी

अनारशाचा संबंध केवळ दिवाळीशी नाही. अधिक महिन्यात लेकजावयाला ३३ अनारशांचे वाण देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. लग्नानंतर येणाऱ्या पहिल्या अधिक महिन्यात तर या वाणाला विशेष मान असतो. साधारण ३२-३३ महिन्यांनी एकदा हा महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, तर २०२६ सालचा अधिक महिना ज्येष्ठाचा. वाणासाठी जाळीदार पदार्थच हवा, म्हणून अनारसे किंवा बत्तासे दिले जातात. चांदीच्या ताटात रचलेले, एकसारखे, सोनेरी अनारसे म्हणजे मुलीच्या माहेरची प्रतिष्ठा, असे मानले जाते.

पदार्थ बिघडला की ही प्रतिष्ठाच पणाला लागते. मग कारणे शोधली जातात. 'हिच्या हाताला गुणच नाही', 'तळताना कुणाची तरी नजर लागली', 'विटाळाची सावली पडली', 'मध्येच कुणीतरी टोकले'. आश्चर्य म्हणजे तांदूळ किती सुकला होता, गूळ किती घातला होता किंवा तूप किती तापले होते, हे मात्र कुणी विचारत नाही. नव्या सुनेला पाहुण्यांसमोर ऐकावे लागते आणि ती मनोमन ठरवून टाकते की पुन्हा या वाटेला जायचे नाही. एका घरातली कला तिथेच थांबते.

यात जुन्या पिढीचाही पूर्ण दोष नाही. त्यांनी हा पदार्थ मापाने नव्हे, तर अंदाजाने शिकला. 'गूळ बेताचा घाल', 'पीठ दमट असू दे', 'आच मंद ठेव' एवढ्याच सूचना त्यांना मिळाल्या होत्या. पंचवीस-तीस वर्षे करून त्यांच्या बोटांना जे कळले, ते शब्दांत सांगणे त्यांना जमले नाही. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली आलेले 'रुचिरा' घराघरात पोचले ते त्यातील वाटी-चमच्याच्या मापांमुळे. अंदाजाची जागा मापाने घेतली की नवशिकीलाही धीर येतो, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

एकाच पदार्थाची अनेक माहेरे

अनारसा फसण्याची अडचण एकट्या मराठी घराची आहे असेही नाही. भिजवून दळलेला तांदूळ आणि गूळ यांचा तळलेला गोड पदार्थ भारताच्या जवळजवळ सर्व भागांत आढळतो. नावेही एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशी आहेत.

तामिळनाडूत दिवाळीला 'अदिरसम' करतात. त्यात वेलची आणि सुंठ असते. आंध्र आणि तेलंगणात संक्रांतीला 'अरिसेलु' होतात. त्यांवर अनेकदा तीळ लावतात आणि तळून काढल्यावर दोन झाऱ्यांमध्ये किंवा लाकडी पाट्यांमध्ये दाबून जास्तीचे तेल काढून टाकतात. कर्नाटकात दिवाळीचा 'कज्जाय' असतो. ओडिशात 'अरिसा पिठा' केला जातो. तिथेही मार्गशीर्षातील गुरुवारी लक्ष्मीपूजन असते आणि त्या पूजेला असे पिठे होतात. छत्तीसगडमध्ये सणावारी 'अइरसा' करतात. गढवालमध्ये लग्नकार्यात 'अरसा' हवाच. तो बहुधा मोहरीच्या तेलात तळतात आणि सासरी निघालेल्या लेकीबरोबर देतात. बिहारमधील गया शहर तिळकुटाप्रमाणेच खवा घातलेल्या, तीळ लावलेल्या अनारशांसाठीही प्रसिद्ध आहे. तिरुमला देवस्थानातील विजयनगरकालीन शिलालेखांत नैवेद्याच्या पदार्थांमध्ये 'अतिरस' हे नाव येते. म्हणजे हा पदार्थ निदान काही शतके जुना आहे, हे नक्की.

पद्धतीत मात्र एक मोठा फरक आहे. दक्षिणेत आणि गढवालमध्ये गुळाचा पाक करून त्यात तांदळाचे दमट पीठ घालतात. पाण्याच्या वाटीत टाकलेल्या पाकाची मऊ गोळी झाली की पाक तयार झाला. पाक पुढे गेला तर पदार्थ दगडासारखा होतो, अलीकडे राहिला तर तेलात विरतो. मराठी पद्धतीत पाक नसतो. किसलेला गूळ कच्चाच पिठात मिसळून मुरवत ठेवतात. तिथे जे काम आच करते, ते इथे वेळ करतो.

चेन्नईच्या घरात, गढवालच्या लग्नघरात आणि पुण्याच्या वाड्यात हा पदार्थ एकाच रीतीने फसत असेल, तर दोष कुणा एकीच्या हाताचा कसा असेल? कारण पदार्थातच शोधायला हवे.

तांदूळ, गूळ आणि ओलावा

गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळले की चिकट, ताणली जाणारी जाळी तयार होते आणि तीच पुरीला किंवा करंजीला धरून ठेवते. तांदळाच्या पिठात असा चिकटपणा नसतो. अनारशात तांदळाचे बारीक कण केवळ गुळाच्या ओलसर लेपाने एकमेकांना धरून असतात. गरम तुपात हा गूळ पातळ होतो, ओलाव्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना भोके पाडते. हीच अनारशाची जाळी. ओलावा आणि गूळ बेताचा असेल तर जाळी पडेपर्यंत कण एकमेकांना सोडत नाहीत. गूळ किंवा ओलावा जास्त झाला की धरून ठेवणारेच वितळून वाहू लागते आणि अनारसा हसतो. दोन्ही कमी पडले तर वाफही होत नाही, जाळीही पडत नाही. हाती येते ती कडक पापडी.

तांदूळ तीन दिवस भिजवण्यामागेही कारण आहे. भिजलेला दाणा आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढे पाणी शोषतो आणि इतका मऊ होतो की त्याचे पीठ कोरड्या तांदळापेक्षा पुष्कळ बारीक होते. शिवाय पाण्यात राहून तांदूळ किंचित आंबतो. दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच जातकुळीतले जिवाणू इथे काम करतात. त्यामुळे अनारशाला त्याची खास, किंचित आंबूस चव येते. रोज पाणी बदलले नाही तर मात्र आंबण्याऐवजी कुजण्याचा वास येतो.

हवामानाचाही विचार करावा लागतो. अधिक महिना बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन या काळात येतो, म्हणजे उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात. दिवाळीत जमलेले अनारसे अधिक महिन्यात बिघडतात ते यामुळेच. उन्हाळ्यात तांदूळ लवकर आंबतो, तेव्हा पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पावसाळी दमट हवेत तो सुकायला दुप्पट वेळ घेतो. घड्याळ बघून तांदूळ उचलणारी इथे फसते, बोटांनी चाचपून उचलणारी तरून जाते.

साहित्य

अर्धा किलो जुना, न चिकटणारा तांदूळ, ४०० ग्रॅम चांगला पिवळा गूळ (चिक्कीचा नको), २ चमचे साजूक तूप, अर्धी वाटी खसखस, तळण्यासाठी तूप. ऐन वेळी पीठ मळण्यासाठी थोडे दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा लहान तुकडा. एवढ्यात लहान आकाराचे ३५ ते ४० अनारसे होतात, म्हणजे वाणाचे ३३ होऊन घरच्यांसाठीही चार उरतात. पांढरे अनारसे हवे असल्यास गुळाऐवजी तेवढीच पिठीसाखर घ्यावी.

कृती

तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात तीन दिवस भिजवावा. रोज जुने पाणी काढून ताजे घालावे. चौथ्या दिवशी तांदूळ रोवळीत किंवा चाळणीत निथळून स्वच्छ सुती कापडावर, घरात सावलीत पसरावा. उन्हात वाळवू नये. दाणा मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागू नये, पण दाताखाली तो मऊ लागावा आणि बोटांनी चुरडता यावा, अशा वेळी तो उचलावा. हवेप्रमाणे याला अर्धा तास ते दोन तास लागतात.

हा तांदूळ मिक्सरमध्ये थोडा थोडा घालून दळावा. गिरणीत देऊ नये. दमट तांदूळ जात्याला चिकटतो आणि आधी दळलेल्या धान्याचे पीठही त्यात मिसळते. दळलेले पीठ मैद्याच्या चाळणीने चाळावे आणि वर राहिलेली कणी पुन्हा दळून चाळावी. पीठ मुठीत दाबले तर त्याचा मुटका व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा.

गूळ बारीक किसून गुठळ्या मोडाव्यात. प्रथम तीन चतुर्थांश गूळ आणि दोन चमचे तूप पिठात घालून हाताने चांगले एकजीव करावे. मग उरलेला गूळ थोडा थोडा मिसळावा. पाण्याचा थेंबही घालू नये. पीठ सुरुवातीला कोरडे वाटते म्हणून अनेकजणी इथेच चुकतात. गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो आणि हळूहळू विरघळतो, त्यामुळे एका दिवसात तेच पीठ आपोआप मऊ होते. पिठाचे घट्ट गोळे करून चिनी मातीच्या बरणीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात निदान चार-पाच दिवस ठेवावेत.

करायच्या दिवशी लागेल तेवढेच पीठ काढून ते हाताने मळावे. कोरडे वाटले तरच दुधाचे थेंब किंवा केळ्याचा तुकडा घालावा. सुपारीपेक्षा थोडी मोठी गोळी खसखशीवर ठेवून बोटांनी पुरीसारखी थापावी. कडा फार पातळ करू नये.

लहान, पसरट कढईत बेताचे तूप तापवावे. पिठाची बारीक गोळी टाकल्यावर ती हळूहळू बुडबुड्यांसह वर यावी. ताबडतोब उसळून लाल झाली तर तूप फार तापले, तळाशी बसून राहिली तर कमी तापले. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून अलगद सोडावा आणि उलटू नये. उलटला तर खसखस तुपात सुटून जळते आणि पडलेली जाळी बुजते. वरची बाजू शिजावी म्हणून झाऱ्याने कडेचे गरम तूप त्यावर उडवत राहावे. सोनेरी रंग आला की झाऱ्यावर घेऊन निथळावा आणि चाळणीत उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास तूप जाळीतच राहते. गरम असताना तो मऊ वाटतो, निवल्यावर कुरकुरीत होतो. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये.

एका वेळी एकच अनारसा तळावा. चार-पाच झाल्यावर तळाशी बसलेली खसखस गाळून काढावी, नाही तर पुढचे अनारसे काळवंडतात.

बिघडलेच तर

सगळे पीठ थापून ठेवण्यापूर्वी एक अनारसा नेहमी तळून पाहावा. तो जे सांगेल त्याप्रमाणे पीठ सुधारता येते.

अनारसा तुपात सोडताच पसरून विरला तर गूळ किंवा ओलावा जास्त झाला आहे. चमचा-दोन चमचे कोरडे, बारीक तांदळाचे पीठ मिसळून, गोळा थोडा वेळ झाकून ठेवून पुन्हा एक तळून पाहावा. पहिल्याच दिवशी थोडा तांदूळ जास्त दळून, सुकवून वेगळा ठेवला तर तो इथे कामी येतो.

अनारसा कडक झाला आणि जाळी पडली नाही तर गूळ कमी आहे किंवा तांदूळ जास्त सुकला होता. थोडा किसलेला गूळ आणि चमचाभर दूध घालून पीठ आणखी एक दिवस मुरू द्यावे.

बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहिला तर दोष पिठाचा नाही, आचेचा आहे. कढई उतरवून तूप थोडे निवू द्यावे. खाताना दाताखाली कचकच लागली तर पीठ जाडे राहिले आहे. याला ऐन वेळी उपाय नाही, पुढच्या वेळी चाळणी बदलावी.

मुरवलेल्या पिठावर बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर मात्र वरचा थर काढून वापरण्याचा मोह टाळावा. सगळे पीठ टाकून द्यावे.

विकतचे पीठ आणि घरचा उद्योग

पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिवाळीच्या आसपास अनारशाचे तयार पीठ मिळते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला आठ दिवसांचा हा पसारा झेपत नसेल, तर ते आणण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण या पिठाचाही एक अनारसा आधी तळून पाहावाच. ते दुकानात किती दिवस मुरले आहे, हे पाकिटावरून कळत नाही.

याच पिठात अनेक गृहिणींना आणि बचत गटांना कमाईचा मार्ग सापडला आहे. फराळाच्या इतर पदार्थांत चढाओढ मोठी असते. अनारसे करणाऱ्या हातांची संख्या मात्र कमी, म्हणून ज्यांना ते नीट जमतात त्यांना मागणी असते. हा उद्योग करायचा असेल तर प्रत्येक वेळचे वजन, तांदूळ सुकवण्याचा वेळ आणि हवा वहीत टिपून ठेवावी. गिऱ्हाइकाला दर वेळी तोच अनारसा हवा असतो आणि अंदाज रोज सारखा नसतो. लहान प्रमाणात विक्री करणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशी असलेल्या लेकीसाठी अनारसे पाठवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर यांसारख्या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे आणि प्रवाशांना त्यापायी गंभीर अडचणी येऊ शकतात. तिकडे द्यायचे अनारसे तीळ लावून करावेत. तेलुगू आणि बिहारी घरांत तर तीळच लावतात, तेव्हा चवीत काही उणे राहणार नाही. घरात मधुमेही असेल तर 'गुळाचे आहेत, चालतात' या समजुतीवर विसंबू नये. गूळही रक्तातील साखर वाढवतो.

उरला प्रश्न नव्या सुनेचा. तिला अनारसे शिकवायचे असतील तर तळणाच्या दिवशी कढईपुढे उभे करून उपयोग नाही. पहिल्या दिवशी तांदूळ भिजवताना तिला बरोबर घ्यावे, सुकलेला दाणा तिच्या हातावर ठेवावा, मुठीतला मुटका तिला फोडू द्यावा. घरातला मुलगाही शेजारी बसला तर उत्तमच, तांदूळ दळायला आणि पीठ चाळायला त्याचेही हात चालतात. पहिला घाणा बिघडला तर कुणाच्या पायगुणाची चर्चा करण्याऐवजी चमचाभर कोरडे पीठ आणून द्यावे. दुसरा अनारसा बहुधा जाळी धरतोच.